मानसिंग तात्या आन बारामतीतल्या बारक्या वाट्या

मानसिंग तात्या लेकीच्या घरचं खाल्लं म्हणून गेले, असं बावड्यात चार तोंडं बोलत्यात. बोलणाराचं तोंड कुणी बांधावं. पण त्या दिवशी बारामतीत काय झालं ते पुतण्या नागेशनं सोताच्या डोळ्यानं बगितलंय, आन तात्यांनी बी घरी येऊन तीन तीन येळा सांगितलंय. ते हाय तसं सांगायचंय, मीठमिरची न लावता. अजून खरं वाटत न्हाय. मंगळवारी बकऱ्यांना पाला तोडत व्हता माणूस, आन बुधवारी सकाळी न्हाय. असं कुठं असतं व्हय.

तात्यांचं घर बावड्याच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला. आज्या-पणज्यापसनं मेंढरं. तात्या आठ वर्षांचे असल्यापसनं कळपामागं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं, घाट उतरायचा, आन पाऊस तोंडावर आला की माघारी फिरायचं. शाळा किती शिकला म्हणून कुणी इचारलं तर म्हणायचे, "शाळंच्या भितीला मेंढरं घासत न्हेली, तेवढीच माझी शाळा." पुढं चरायला रान ऱ्हायलं न्हाय. जिकडं बगंल तिकडं ऊस. मंग मेंढरं इकली, चार बकरी ठिवली, आन दीड एकरात डाळिंब लावलं. पण चाल कळपाचीच ऱ्हायली. लग्नाला चालले, बाजाराला चालले, तात्या कधी पुढं न्हाईत. सगळ्यांच्या मागं, कोण ऱ्हायलं का बगत.

खाण्याचे पक्के. सकाळ-संध्याकाळ बकरीचं दूध, रविवारी मटण. कुणाच्या घरी नुसती भाजी वाढली तर हासून म्हणायचे, "पावणे, बकऱ्याचं खाणं मला वाढलं, मंग बकऱ्याला काय वाढलं?" पण ताटात टाकायचे न्हाईत. ताट धुतल्यागत साफ.

आन रितीचे लई पक्के. हितंच सगळं घोडं अडलं.

तात्यांना पोरगा न्हाय, एकच लेक, छकुली. अकरा वर्षामागं तिचं लगीन काटेवाडीच्या अविराजसंगं झालं. आपल्याकडं जुनी रीत हाय, लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या सासरी अन्न खायचं न्हाय, पाणी बी प्यायचं न्हाय. आता कोण पाळतंय? मोबाइलवर सोयरीक जमवणारी माणसं पहिल्या म्हयन्यातच लेकीच्या घरी ताटं चाटून-पुसून येत्यात. पण तात्या आन त्यांची बायको, आमची सिंधुबाई काकू, दोघांनी पाळली. तात्या काटेवाडीला गेले की फडक्यात भाकरी बांधून न्यायचे. बाटलीत पाणी. घरात शिरायचे न्हाईत, बाहेर कट्ट्यावर बसायचे. लेकीची खुशाली इचारायची, जावयासंगं उसाचं बोलायचं, भाकरी सोडायची, खायची, बाटलीतलं पाणी प्यायचं, की चालले. छकुली दारात उभी ऱ्हायची. सुरवातीला म्हणायची, "तात्या, निदान चहा." तात्या म्हणायचे, "नातवाच्या हातचा पिईन की. लई दिस न्हाय लागायचं आता."

लई दिस लागलं. दोन येळा दिस गेलं, दोनी येळा ऱ्हायलं न्हाय.

अविराज शिकलेला, आचारीपणाची डिग्री घेतलेला. आधी जहाजावर व्हता, मंग स्पेन नावाच्या देशात एका हाटेलात लागला. छकुलीला बी घेऊन गेला. ती तितं आधी भांडी घासायची, मंग भाज्या चिरायची, मंग शेगडीवर गेली. त्या हाटेलाच्या मालकिणीनं तिला सगळं हातात दिलं. दोन वर्षांनी माघारी आली तवा नवऱ्यापेक्षा तिचा हात चांगला. बारामतीत हाटेल टाकायचं ठरलं. लोकं म्हणली मटण ठिवा, मिसळ ठिवा. अविराज म्हणला, "मटणाची हाटेलं हितं पायलीची पन्नास. आपण स्पेनसारखं करू. बारक्या बारक्या वाट्यांत, आन जनावराचं काय बी न्हाय. दूध न्हाय, तूप न्हाय, अंडं न्हाय."

हे बावड्यात कळलं तवा सावळाराम आबा, आमच्या भावकीतले थोरले, एस्टी स्टँडावर मोठ्यानं म्हणले, "मेंढराच्या घरातली पोरगी, आन हाटेलात दूध न्हाय? मंग काय वारा वाढणार का?" सगळे हासले. तात्या बी हासले. पण हाटेल बगायला गेले न्हाईत. लेकीचं हाटेल म्हंजी लेकीचंच घर.

गेल्या म्हयन्यात छकुलीनं नागेशला फोन केला. ती रडत न्हवती, असं नागेश सांगतो. सरळ बोलली. "दादा, डॉक्टरांनी सांगितलं. आता मूल व्हणार न्हाय. प्रयत्न करू नका म्हणले."

नागेशनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हंजी कळलं का तुला?" छकुली म्हणली. "म्हंजी तात्या माझ्या हातचं कधीच खाणार न्हाईत. कधीच. मी स्पेनच्या माणसांना वाढलं, पुण्याच्या माणसांना वाढती, आन माझा बाप माझ्या दारात फडकं सोडून बसतो. एकदा त्यांना आण. कसं बी आण. मी म्होरं येत न्हाय. नुसतं त्यांनी खाल्लेलं बगती."

नागेश म्हणला आणतो. आता त्याला त्याचंच लई लागून ऱ्हायलंय, पण त्या येळंला कोण न्हाय म्हणलं असतं?

तात्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आलावता. शुक्रवारी नागेश त्यांना बारामतीला डोळं दाखवायला घेऊन गेला. गाडीत बसतानाच तात्यांनी बजावलं, "नाग्या, अविराजच्या हाटेलाच्या अंगानं बी नेऊ नगस. लेक आत या म्हणंल, आन तिला न्हाय म्हणताना माझा जीव जातो."

"न्हाय वो तात्या," नागेश म्हणला.

दवाखान्यात डोळ्यात थेंब घातलं. डॉक्टर म्हणले तीन-चार तास अंधुक दिसंल, घाबरू नका. बाहेर आले तर तात्यांना रस्त्यावरची मोटार बी दुधात बुडाल्यागत दिसाय लागली. दुपारचा एक वाजलावता. नागेश म्हणला, "भूक लागली, खाऊन जाऊ." तात्या म्हणले, "चल, पण रस्सा झणझणीत असंल तितं ने." नागेशनं हात धरला आन छकुलीच्या हाटेलात आणून बसवलं.

आत गार व्हतं. पांढऱ्या भिती, निळ्या फरश्या, दाराला कमानी, वर भोकाभोकाचं पितळी दिवं. तात्यांनी डोळं बारीक करून बगितलं. "दर्ग्यात आणलंस व्हय रं?"

"हाटेल हाय तात्या. नवीन हाय."

"चादर चढवायची का आधी?"

नागेशला हासू येईना. खिडकीतनं आत सैपाकघर दिसत व्हतं, आन तितं डोक्याला टोपी घालून छकुली उभी व्हती, हातात झारा तसाच.

वाढायला मोना नावाची बाई व्हती, वालचंदनगरची. ती आली आन मुठीएवढ्या दोन वाट्या ठिवून गेली. एकात हरभरं आन पालक, एकात गाजराचं तुकडं जिरं लावलेलं. तात्यांनी वाटीवर नाक न्हेलं. बोटानं वाटीची कड चाचपली. म्हणले, "हे निवदाचं हाय का?"

"आपलंच हाय, खावा."

तात्या काय हात लावंनात. मांडीवर हात ठिवून बसले. नागेश बी बसला. दोन मिनटं गेली, पाच गेली. वाट्या गार झाल्या.

"तात्या, खावा की."

"आरं वाढून होऊ दे की सगळं! पंगतीत कोण असं मधीच तोंड घालतं? ताट भरू दे, भात येऊ दे, कोणतरी थोरला म्हणू दे बसा आता."

तिकडं छकुलीला वाटलं, वळखलं. तात्यांनी वळखलं, म्हणूनच हात लावत न्हाईत.  बाहेर यायला निघाली व्हती, पाया पडून सांगावं, चुकलं म्हणून. तेवढ्यात मोना टेबलापाशी आली.

"आजोबा, आवडलं नाही का?"

"आवडायला वाढलंय कुठं अजून? चिमणीला टाकल्यागत टाकलंय. भाकरी कवा यायची? मीठ कुठंय? लिंबू?"

मोना हसली. "आजोबा, हितं एकदम ताट नसतं. एक एक वाटी येत राहते. आलं की खायचं, गप्पा मारायच्या, मग दुसरं येतं. तिकडं स्पेनात असंच खातात."

"म्हंजी पंगत बसतच न्हाय?"

"नाही."

"मंग थोरलं कोण, धाकलं कोण, कसं कळायचं?" तात्यांनी नागेशकडं बगितलं. "येडा देश दिसतोय." आन मंग हात धुतल्यागत चोळला, बोटानं चार हरभरं उचललं आन तोंडात टाकलं.

खिडकीत छकुलीनं झारा खाली ठिवला.

तात्या चावत व्हते. परत चार उचललं. म्हणले, "जिरं भाजून घातलंय. लसूण बी. माणूस कामाचा हाय आतला." मंग गाजर. गाजराला आंबट व्हतं, तात्यांनी एक डोळा मिटला, पण वाटी रिकामी केली. मंग गार पांढरं कालवण आलं, त्यात द्राक्षं. तात्यांनी पिऊन बगितलं आन म्हणले, "बकरीचं दूध."

"बदामाचं आहे आजोबा. बदाम, लसूण, पाव. दूध नाही. हितं दूध, दही, तूप, अंडं, मध, मटण, काहीच नसतं."

तात्यांनी वाटी खाली ठिवली. "नाग्या, ही बाई चेष्टा करती का?"

"न्हाय, खरं हाय."

"दूध न्हाय, मटण न्हाय! मंग लोकं पैसं कशाचं देत्यात? जे न्हाय त्याचं?" मोनाला बी हासू आवरंना. तात्या म्हणले, "बाई, आमच्या घरी मेंढरं आजारानं पडली त्या सालात आमी बी दूध न्हाय, मटण न्हाय, असंच खाल्लं. तवा हाटेल टाकायला पायजे व्हतं, आता बंगला असता माझा."

मोनानं सांगितलं, हे खाणं मूळचं अरबांचं. ते लोकं मूर म्हणून शेकडो वरीस स्पेनात ऱ्हायले, संत्री, लिंबू, वांगी, ऊस, सगळं त्यांनीच तिकडं न्हेलं.

"ऊस बी न्हेला?" तात्या म्हणले. "म्हंजी कारखान्याचं सभासद असणार."

मंग वांग्याची बशी आली. वांग्याच्या पातळ चकत्या, कुरकुरीत तळलेल्या, आन वरनं काकवी सोडलेली. काकवी काटेवाडीच्याच गुऱ्हाळाची, पण ते तात्यांना कोण सांगणार. त्यांनी एक चकती तोंडात टाकली. थांबले. दुसरी टाकली.  जगात गोड वांगं कुणी खाल्लं असंल का, आन ते बी मानसिंग तात्यांनी? बशी संपली तर बोटानं काकवी पुसून खाल्ली. म्हणले, "अजून एक सांग." ती आली. ती बी संपली, तिसरी मागवली. "नाग्या, ह्यात मटण न्हाय, नक्की?"

तिसरी बशी संपल्यावर तात्यांनी मांडीवर थाप मारली. लग्नात चांगलं जेवण झालं की थोरल्या माणसानं आचाऱ्याला पंगतीत बोलवायचं, सगळ्यांदेखत पाठ थोपटायची, हा त्यांचा नेम. "बोलव आचाऱ्याला."

नागेशनं तात्यांचा हात धरला. "राहू द्या तात्या, कामात असंल."

"कामात असंना. ज्याचं खाल्लं त्याचं तोंड न बगता उठायचं व्हय? चोरासारखं? बाई, बोलव त्याला."

मोना खिडकीकडं बगत ऱ्हायली. नागेश मान हालवून न्हाय न्हाय करत व्हता. पण छकुली आधीच बाहेर आली. मी म्होरं येत न्हाय म्हणलेली पोरगी, पण बाप बोलवतोय म्हणल्यावर पाय थांबलं न्हाईत. टोपी तशीच, अंगावर पांढरा कोट. तात्यांना पांढरं पांढरं कायतरी आल्यागत दिसलं. तिनं वाकून पायावर डोकं ठिवलं.

"आरं, बाई हाय का आचारी!" तात्यांनी पाठीवर थाप दिली. "शाब्बास बाळा. वांग्याचं सोनं केलंस. कुठली तू?"

ती पायापसनं उठंना.

"घाबरती कशाला? गाव कुठलं?"

"बावडा," छकुली म्हणली.

"बावडा? आमच्या बावड्याची? कुणाची गं तू?"

"तुमचीच की, तात्या."

नागेश सांगतो, तात्यांचा हात तिच्या पाठीवरच व्हता. तो तसाच ऱ्हायला. तोंड उघडं. कुणीतरी झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाड घातल्यावर झाड पडायच्या आधी जसं गप उभं असतं, तसं. मंग हात मागं घेतला, विस्तवावरनं घ्यावा तसा, आन उठले. खुर्ची पडली. शेजारच्या टेबलावरची माणसं खायची थांबली.

"नाग्या, कुणाचं हाटेल हाय हे?"

नागेश मोनाकडं बगाय लागला.

"बोल की! दातखीळ बसली का?"

"छकुलीचं, तात्या."

"अकरा वरीस," तात्या म्हणले. आवाज चढला न्हाय, उलटा खाली गेला. "अकरा वरीस पाळलं. पाण्याचा थेंब घेतला न्हाय. आन तू आंधळ्याला हात धरून आणलंस आन खड्ड्यात घातलंस. मी डोळ्यानं बरा असतो तर आलो असतो का? सांग, आलो असतो का?"

"माझं चुकलं, पाया पडतो. पण एक तोड हाय तात्या. बिल देऊ. पैसं दिलं म्हंजी हाटेलात खाल्लं, जसं स्टँडावर खातो तसं. लेकीच्या घरचं झालं न्हाय. रीत बी मोडली न्हाय."

तात्या थांबले. त्यांना ते पटलं. बंडीच्या खिशात हात घातला, नोटा काढल्या, डोळ्यापाशी न्हेऊन बगाय लागले.

"द्या," छकुली म्हणली. "द्या पैसं तात्या. तुमची रीत ऱ्हाऊ द्या. पण मूल व्हणार न्हाय मला. डॉक्टरांनी सांगितलंय. आता वाट बगू नका."

तात्यांनी मान वर केली.

"आन अजून एक ऐका, मंग जावा. तुमी माझ्या दारात कट्ट्यावर बसून भाकरी सोडता ना, तवा समदी गल्ली बगती. लहान पोरं बी बगत्यात. सासूबाईच्या मैतरणी बगत्यात. तुमी माझा मान ठिवताय असं तुमाला वाटतं. गल्लीला काय दिसतं ठाव हाय? बगा, हिचा बाप अजून बाहेर बसतोय, म्हंजी अजून कूस रिकामी. दर येळंला तुमी येऊन गेला की मी चार दिस दारात उभी ऱ्हात न्हाय."

 तात्या टेबलाची कड धरून उभे ऱ्हायले. आयुष्यात कुणाचं ऊस-जवारीचं पान सुदीक मेंढरानं खाल्लं तर त्याच्या घरी जाऊन सांगणारा माणूस. त्याला अकरा वरीस कळलंच न्हाय की आपण काय तुडवतोय.

"हे तू मला कधी सांगितलं न्हाईस," तात्या म्हणले.

"कुठं सांगू? तुमी कधी आत आला? कट्ट्यावर रस्त्याच्या म्होरं सांगू?"

तात्यांनी नोटा परत एकदा डोळ्यापाशी न्हेल्या. त्यांना दिसत तर कायच न्हवतं. मंग त्या घडी करून खिशात घातल्या. हातानं चाचपत खुर्ची हुडकली, नागेशनं उचलून दिली, बसले.

"नाग्या, मोडली का रीत?"

"मोडली तात्या."

"नक्की मोडली?"

"तीन बश्या वांगं खाल्लं तुमी."

"मंग मोडलीच हाय तर अर्धवट कशाला मोडायची," तात्या म्हणले. "छकुले, आण अजून काय काय हाय ते. सगळं आण. आन तू बस हितं. मला दिसत न्हाय, तूच घाल."

मंग छकुली बसली. मोना आणत ऱ्हायली. संत्र्याच्या फोडी, कांदा, वर डाळिंबाचं दाणं. भरलेली ढबू मिरची. खजुरात बदाम. छकुली एक एक घास हातानं द्यायची, आन तात्या नाव न इचारता तोंड उघडायचे. मधीच म्हणले, "हे डाळिंब कुठलं? आपल्यासारखं न्हाय. मी आणतो शुक्रवारी. येत्या शुक्रवारी काटेवाडीला येतो. आत येणार. चुलीपाशी बसणार. गल्लीनं बगू दे काय बगायचं ते."

पैसं दिलं न्हाईत. जाताना उंबऱ्यापाशी थांबले, आन सगळ्यांना आधी जाऊ दिलं.

घरी आल्यावर सिंधुबाई काकूला सांगितलं. तिनं समदं ऐकून घेतलं. मंग म्हणली, "म्हाताऱ्यावानी वागला असता तर बरं झालं असतं." दोन दिस बोलली न्हाय. तात्यांनी तिला लेकीचं सगळं सांगितलं, गल्लीचं, दारात उभी न ऱ्हायल्याचं. काकू रडली. लई रडली. पण म्हणली, "तुमी जावा. मी न्हाय यायची. माझ्या आईनं बी पाळलंय." तात्या म्हणले, "बरं, तुझ्यासाठी वांगं बांधून आणतो, ते तर खाशील?" तिनं पाठ फिरवली. रविवारी मटण झालं. सोमवारी तात्यांनी डाळिंबाची झाडं फिरून बारा फळं निवडली, पिशवीत भरून दाराशी ठिवली.

मंगळवारी बकऱ्यांना पाला तोडला. बुधवारी सकाळी चहा ठिवलाय म्हणून काकू उठवायला गेली, तर अंग गार. डॉक्टर आले, म्हणले हार्ट. झोपंतच. काकू नुसती भितीला टेकून बसली. चहा उतू जाऊन चूल इझली तरी तिला कळलं न्हाय. छकुलीला फोन कोण करणार? नागेशनं केला. पलीकडनं ती म्हणली, "शुक्रवार हाय की अजून." परत परत तेवढंच. "शुक्रवार हाय की अजून, दादा."

दुपारी माती दिली. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत न्हाय. सोयऱ्यांच्या घरनं पिठलं-भाकरी येती, कडू घास म्हणत्यात त्याला. चार घरनं आलं. छकुली बी काटेवाडीवरनं डबा घेऊन आली. हाटेलातलं न्हवं, घरच्या चुलीवरचं, सोता केलेलं पिठलं आन ज्वारीच्या भाकरी. तिनं डबा काकूच्या म्होरं ठिवला.

सावळाराम आबा बाजेवर बसलेवते. म्हणले, "ते बाजूला ठिवा. एक खाऊन गेला तेवढं बास झालं."

 छकुलीनं डबा परत ओढून घेतला. झाकण लावायला लागली, पण झाकण बसंना.

 काकूनं पदर कपाळावरनं मागं घेतला.

"आबा," काकू म्हणली, "माझ्या मालकानं सत्तर वरीस दुनियेच्या घरचं खाल्लं. तुमच्या घरचं तर किती खाल्लं, त्याचा हिशोब न्हाय. त्यानं मेला न्हाय, आन लेकीच्या वांग्यानं मेला व्हय?"

आबांनी मान खाली घातली. 

काकूनं छकुलीच्या हातातनं डबा घेतला. दुसऱ्या घरनं आलेल्या कशाला हात लावला न्हाय. भाकरी मोडली, पिठलं लावलं, घास तोंडात घातला. अकरा वर्षात पहिल्यांदा. लई येळ चावत बसली. घास उतरत न्हवता, पाण्याचा तांब्या छकुलीनंच तोंडाला लावला. मंग दुसरा घास घेतला, थांबली, आन लेकीकडं बगून म्हणली,

"मीठ कमी पडलंय गं."

छकुली रडायची थांबली. "आणती आई," म्हणली, आन उठून फळीवर मीठ हुडकायला गेली.